दहापैकी किती?

माझी पुतणी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकते. पदवीची चार वर्षं आणि इंटर्नशिपचे सहा महिने उरकून आता एम.ओ.टीएच. चाललंय. मे महिन्यात ती सुट्टीला म्हणून रत्नागिरीला येते, आणि ती आहे तोवर आमच्या घरात कोणाला सुखाने चहा पिता येत नाही.

मी चहा बशीत ओतून पितो. कळायला लागल्यापासून पितो. जिल्हा परिषदेच्या सबंध नोकरीत माझ्या पुष्कळ गोष्टींवर शेरे मारले गेले, पण बशीवर कोणी मारला नव्हता. गेल्या मे महिन्यात बशी तोंडाशी नेली तोच समोरून आवाज आला, “काका, थांबा. आहात तसेच राहा.”

मी होतो तसा राहिलो. तिने मान तिरकी करून माझ्या कोपराकडे पाहिलं. “उजवं कोपर टेबलावर टेकताय तुम्ही. दिवाळीत टेकत नव्हतात.”

मग तिने मला माझाच चहा उलगडून दाखवला. कप उचलणं हे एक काम, तो कलता करताना मनगट वळवणं हे दुसरं, डाव्या हाताने बशी अजिबात न हलवता आडवी धरणं तिसरं, फुंकर घालताना श्वास राखणं चौथं, आणि हे सगळं चालू असताना पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती वाचणं, हे तर मेंदूवर दुहेरी ओझं. याला त्यांच्यात ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात. माणूस जे काही करतो त्याचे तुकडे पाडायचे आणि नेमका कुठला तुकडा अडलाय ते हुडकायचं. शास्त्र म्हणून उत्तमच आहे. पण इतकं सगळं कळल्यावर बशी हातात स्थिर राहत नाही, त्याचं काय करायचं ते त्या शास्त्रात सांगितलेलं नसावं. त्या दिवशीचा चहा पायजम्यावर गेला आणि तिने तेही वहीत लिहून घेतलं.

तिच्या पर्समध्ये सांध्यांचे कोन मोजायची एक प्लॅस्टिकची पट्टी असते. गोनिओमीटर म्हणतात त्याला. काकू विळीवर बसून नारळ खवायला लागली की पुतणी ती पट्टी घेऊन तिच्या गुडघ्याशी उकिडवी बसते. काकूने विळीचा पाट पायाखाली दाबलेला, पाठ वाकलेली, आणि ही अंश वाचतेय. सांध्यांवर भार टाकू नये, शक्य ते काम उभ्याने किंवा खुर्चीवर बसून करावं, जड वस्तू उचलण्यापेक्षा सरकवावी, मोठ्या सांध्याचं काम लहान सांध्याला सांगू नये, असं बरंच काही ती एका दमात बोलली. काकूने ऐकून घेतलं. “कोन मोजून झाला असेल तर ती दुसरी कवड दे इकडे,” म्हणाली.

गावात पहिला प्रश्न ठरलेला. “म्हणजे फिजिओ काय गो?” यावर तिच्याकडे एक तयार उत्तर आहे: फिजिओथेरपिस्ट हात वर न्यायला शिकवतात, आम्ही त्या वर गेलेल्या हाताने केस विंचरायला शिकवतो. मुंबईत हे उत्तर ऐकून माणसं ‘अच्छा’ म्हणतात आणि गप्प बसतात. आमच्या आळीत एकाने डोक्यावरची टोपी काढून स्वतःचं लख्ख टक्कल दाखवलं आणि म्हणाला, “मग मला फिजिओच पुरे.”

आजीला, म्हणजे माझ्या आईला, विषय काय आहे यात रस नव्हता. विषय कोणी काढला यात होता. रत्नागिरीत कुठलीही नवी गोष्ट घरात घ्यायची तर आधी तिचं घराणं विचारतात. पुतणीने सांगितलं की आपल्याकडे हे शिक्षण कमला निंबकर यांनी आणलं. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात याची शाळा सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली.

“कुठल्या निंबकर?”

“अगं, त्या मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लुंडी त्यांचं नाव. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या आणि कमला झाल्या.”

आजीचा चेहरा पडला. अमेरिकेत तिची कोणाशी ओळख नाही. पण पुतणीही याच घरात वाढलेली. तिने पुढचा पत्ता जपून ठेवला होता. या कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर, ते फलटणला शेतीचं संशोधन करायचे. त्यांच्या पत्नी जाई निंबकर. जाई म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी, गौरी देशपांड्यांची बहीण. आणि इरावतीबाई कोणाच्या सूनबाई?

आजी सरसावून बसली. “धोंडो केशवांच्या!”

“म्हणजे बघ. मुरुडच्या अण्णा कर्व्यांच्या नातीची सासू, तिने हा विषय भारतात आणला.”

मुरुड म्हणजे आपल्या दापोलीजवळचं. प्रश्न मिटला. विषय घरातलाच निघाला. त्या संध्याकाळी आजी शेजारणीला सांगत होती की नात शिकते ते कर्व्यांच्याकडचं काहीतरी आहे. शेजारीण म्हणाली, “म्हणजे विधवांसाठी?” आजी म्हणाली, “आता सगळ्यांसाठी झालंय.”

(अण्णा कर्वे पोरवयात परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आमची पुतणी परीक्षेला तुतारी एक्स्प्रेसने जाते आणि गाडी लेट झाली की घरी फोन करून रडते. काळ बदलला, एवढंच मी म्हणतो. तिच्यासमोर म्हणत नाही.)

खरं तर या शास्त्राला रत्नागिरीत एवढी ओळख करून द्यावी लागू नये. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चालत आली आहेत, आणि माणसाच्या हाताला काम देणं हा उपचार असू शकतो ही कल्पना जगात जन्मली ती मनोरुग्णालयांतच. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये काही भल्या डॉक्टरांना आणि सज्जनांना वाटलं की वेड्यांना साखळदंडात ठेवण्यापेक्षा बागेत काम द्यावं, विणायला द्यावं, दिवसाला काही आकार द्यावा. पुढे १९१७ साली अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या गावी मूठभर लोक जमले आणि त्यांनी याची रीतसर संस्था काढली. पहिलं महायुद्ध चालूच होतं, हातपाय गमावलेल्या सैनिकांचा तोटा नव्हता, विषयाला बरकत आली. हे सगळं ठीक. पण पुतणीने “मला सायकियाट्रीतलं कामही आवडतं” असं म्हटल्याबरोबर तिच्या बापाने विचारलं, “म्हणजे लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं?” तेव्हापासून बायोडेटात ‘मेडिकल लाइन’ एवढंच आहे.

त्या मे महिन्यात तिच्या डोक्यावर एका सेमिनारचं ओझं होतं. विषय असा की, बाहेरच्या परिस्थितीमुळे माणसाला करण्यासारखं काही उरतच नाही, तेव्हा त्याचं काय होतं. तुरुंगातले कैदी, छावण्यांतले निर्वासित वगैरे. ऑक्युपेशनल डेप्रिव्हेशन असं त्याचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या विद्वानांचे निबंध तिने आणले होते, सगळे पिवळ्या रंगाने रंगवलेले. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला जातेस, वर थिबा पॅलेसला जाऊन ये.

ती जाऊन आली आणि येताना पेटून आली. ब्रह्मदेशाचा राजा थिबा. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला उचलून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. तो इथेच १९१६ साली वारला. तीस वर्षं! राजवाडा बांधून मिळाला तोही १९१० च्या सुमाराला, म्हणजे आयुष्य संपत आल्यावर. पेन्शन होती, नोकरचाकर होते, समोर भाट्याची खाडी होती, हवा उत्तम. नव्हतं ते फक्त काम. राजाला राज्याखेरीज येतं काय? पुतणीने वहीत त्याची रीतसर केस लिहिली. वय, हुद्दा, पूर्वीचा दिनक्रम, आताचा दिनक्रम. ‘आताचा दिनक्रम’ या रकान्यात तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं होतं.

मग मी तिला दुसरी केस सुचवली. याच गावात १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. बंदी थिबासारखीच. पण या माणसाने गावाला उसंत दिली नाही. सहभोजनं काय, भाषाशुद्धी काय, १९३१ साली भागोजी शेठ कीरांकडून पतितपावन मंदिर उभं राहिलं ते काय. राजकारण नाही तर नाही, दुसरे शंभर उद्योग काढले. त्यांच्या मतांबद्दल कोणाला काय वाटायचं ते वाटो. पण एकच गाव, एकच समुद्र, एकच सरकार. एकाच्या हाताला काम नाही आणि दुसऱ्याच्या हाताला फुरसत नाही. असा तौलनिक अभ्यास ऑस्ट्रेलियात कुठून मिळणार?

सेमिनार छान झाला म्हणे. फक्त एका परीक्षकाने विचारलं की थिबा राजाची स्टँडर्डाइज्ड असेसमेंट कुठे आहे.

ही असेसमेंट म्हणजे या पोरांच्या आयुष्यातला खरा जाच. प्रत्येक गोष्टीला चाचणी आहे आणि प्रत्येक चाचणी परदेशातून आलेली. बार्थेल इंडेक्स म्हणून एक आहे, १९६५ सालचा, अमेरिकेतला. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, जिना अशी दहा कामं आणि एकूण शंभर गुण. शंभर मिळाले की माणूस स्वतःचं स्वतः करतो असं समजायचं. त्यात जेवणाच्या कलमात विचारलंय की रुग्णाला पावाला लोणी लावता येतं का. आमच्याकडे पावाला लोणी लावणारा माणूसच आधी शोधावा लागेल. आमटीभात कालवून, पानातला ओघळ बोटाने अडवून, वर पापडाचा तुकडा मोडता येतो का हा आमचा प्रश्न आहे, आणि त्याला लोण्यापेक्षा कितीतरी जास्त कसब लागतं. हाताच्या दुसऱ्या एका चाचणीत राजम्याचे दाणे चमच्याने उचलायचे असतात. पुतणीने घरी ती चाचणी डाळिंब्यांवर घेऊन पाहिली. काकूने वालाचा भाव सांगून ती तिथेच बंद पाडली. जिन्याचंही तेच. बार्थेलबाईंचा जिना घरात असतो, त्याला कठडा असतो, त्यावर शेवाळ नसतं आणि त्याखाली साप नसतो.

पण या सगळ्यांत एक प्रकार मला पटला. कॅनडातला आहे. त्यात डॉक्टरला काय हवं ते कोणी विचारत नाही. रुग्णालाच विचारतात की बाबा, तुझ्या आयुष्यात तुला काय काय करायचंय आणि ते जमत नाहीये? त्यातलं महत्त्वाचं काय? ते आज तुला दहापैकी किती जमतं? आणि जेवढं जमतं त्यावर तू दहापैकी किती समाधानी आहेस? महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच विचारायचं आणि गुण वाढले का बघायचं.

पुतणीने हा प्रयोग आजीवर केला. आजी तेव्हा माळ्याखालच्या खोलीत अढी निवडत होती. पेंढ्यात हात घालायचा, आंबा नुसता चाचपायचा, देठाशी नाक न्यायचं आणि आजचा, उद्याचा, परवाचा असे तीन ढीग. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बघण्याचा प्रश्नच नाही. न बघता स्पर्शाने वस्तू ओळखायची परीक्षा या लोकांच्या अभ्यासात असते. त्यात किल्ली, नाणं, बटण असलं काहीतरी देतात. आजी तर आंब्याची तारीख ओळखत होती.

“आजी, हे काम तुला किती महत्त्वाचं वाटतं? दहापैकी सांग.”

“दहा.”

“आणि जमतं किती?”

“दहा.”

“आणि समाधान?”

“शून्य.”

“शून्य? का गो?”

“मी निवडून ठेवते आणि तुझा काका पेटी वाटेल त्या भावाला देऊन येतो.”

ही गोष्ट तिने मुंबईला जाऊन गाइडना सांगितली असावी, कारण पुढच्या फोनवर ती म्हणाली की समाधानाचा रकाना कोकणात चालत नाही असं मॅडमचं मत पडलं.

गाइड, सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, सॅम्पल, डेटा. एम.ओ.टीएच. हे या पाच शब्दांत मावतं. सकाळी ओपीडीत झोक्यावर बसवलेली मुलं, दुपारी पक्षाघाताचे रुग्ण, संध्याकाळी कोणाचा तरी शोधनिबंध सर्वांसमोर सोलून काढायचा, आणि रात्री हॉस्टेलवर एक्सेलची चौकटच चौकट. प्रबंधाचं शीर्षक तीन ओळींचं आहे. ते पाठ व्हायला मला दोन चकरा मांडवीपर्यंत माराव्या लागल्या आणि परत येईपर्यंत मी ते विसरलो. मधे एकदा तिचा रडवेला फोन आला. “पी खालीच येत नाहीये.” पी म्हणजे आकडेशास्त्रातला एक आकडा. तो ०.०५ च्या खाली आला की संशोधनात काहीतरी निघालं असं धरतात. आजी पलीकडून ओरडली, “मीठ बंद कर म्हणावं. माझं त्यानेच आलं.”

आता तात्यांकडे वळायला हवं. शेजारचे तात्या. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. पायाने सावरले, काठी घेऊन चालायला लागले, जीभही लवकर परत आली, तिला तर कोणाची मदत लागलीच नाही. हात मात्र मिटलेला राहिला. पुतणी सुट्टीला आली की तात्यांच्या ओटीवर तिचा दवाखाना भरतो.

पहिल्या दिवशी तिने आमच्याच स्वयंपाकघरात तात्यांसाठी स्प्लिंट बनवली. मुंबईहून पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक पत्रा आणला होता. साधारण ७० अंशांच्या पाण्यात टाकला की तो मऊ पडतो. मग हातावर घालून आकार द्यायचा आणि दोन-चार मिनिटांत तो तसाच कडक होतो. एवढा रुंद पत्रा मावेल असं घरात एकच पातेलं होतं, ते काकूचं मोदकांचं. काकूने झाकण उघडलं तर आत कापलेला पांढरा पंजा तरंगतोय. त्या पातेल्यात या गणपतीला मोदक झाले नाहीत. नवीन आणावं लागलं आणि त्याचे पैसे मी दिले.

स्प्लिंट बसवून झाल्यावर पुतणीने तात्यांना कॅनडाचा प्रश्न विचारला. “तात्याआजोबा, तुम्हाला या हाताने काय करायचंय?” तिची अपेक्षा असावी की जेवायचंय म्हणतील, दाढी करायचीय म्हणतील.

तात्या म्हणाले, “सही.”

वरच्या घरातले नाना हे तात्यांचे चुलतभाऊ. दोघांच्या घरांमधून जांभ्याची एक पाखाडी जाते आणि ती कोणाच्या हद्दीत हा दावा रत्नागिरीच्या कोर्टात आहे. दाव्याचं वय पुतणीपेक्षा जास्त आहे. तात्यांचे जुने वकील थकले, नवीन वकील नेमायचे तर वकीलपत्रावर सही हवी. वकील म्हणाले, अंगठा लावा, चालेल. तात्यांना आलेला राग पाहून आम्हाला वाटलं, दुसरं वारं जातंय. “मॅट्रिक झालेला माणूस मी. अंगठा लावला म्हणून नाना गावभर सांगेल!”

महत्त्व दहापैकी दहा. जमतं शून्य. समाधान विचारायची पोरीची छाती झाली नाही.

मग सुरू झालं. दुखरा हात ओटीच्या कडेवर टेकवून त्यावर भार द्यायचा. फणसाच्या आठळ्या एकेक उचलून अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत टाकायच्या. जाड दांडा धरणं सोपं जातं म्हणून बॉलपेनला काहीतरी गुंडाळायचं. मुंबईत त्याला फोमची नळी मिळते, इथे पुतणीने परसातलं सुंभ गुंडाळलं. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. तात्यांच्या हातात ते शोभून दिसलं. आधी पाटीवर उभ्या रेघा, मग गोल, मग ‘त’. सही करताना माणूस अक्षरं लिहीत नाही, एक सवय लिहितो, असं ती म्हणाली. म्हणून तात्यांच्या जुन्या बँक पासबुकातली सही मोठी करून भिंतीला लावली. नाना पाखाडीवरून जाता-येता ती बघायचे.

याच दरम्यान तिने आजीसाठी घराची पाहणी केली. आजी देवळात जाते ती त्याच पाखाडीवरून. उतरत्या पायऱ्या, प्रत्येकीची उंची निराळी, पावसाळ्यात शेवाळ. पुतणीने टेपने मापं घेतली, नकाशा काढला आणि एका बाजूला पाइपाचा कठडा लावायची शिफारस केली. अत्यंत साधी, स्वस्त गोष्ट. आजी पडली तर खुब्याचं हाड मोडेल, त्यापेक्षा पाइप बरा. भाऊ लोखंडवाल्याकडे निघालाही.

तात्यांनी त्याला ओटीवरूनच हटकलं. “कठडा कुठे लावणार?”

“पाखाडीला.”

“कोणाच्या बाजूने?”

भाऊ परत आला. कोर्टाचा ‘जैसे थे’ हुकूम आहे. डाव्या बाजूला कठडा लावला तर तात्यांचा ताबा सांगितल्यासारखं होतं, उजव्या बाजूला लावला तर नानांचा. मधोमध लावला तर आजीला चालायला जागा उरत नाही. पुतणीच्या पुस्तकात घरातले अडथळे या नावाचं मोठं प्रकरण आहे. उंबरा, अरुंद दार, निसरडी फरशी, सगळं आहे. दिवाणी दावा नाही. तिने अहवालात ‘पर्यावरणीय अडथळा’ असं लिहिलं आणि आजीला रबरी टोपणाची काठी आणून दिली. आजी ती काठी पाखाडीवर कुत्र्यांसाठी वापरते.

तात्यांचं डोकं हाताच्या पुढे धावत होतं. प्रबंधासाठीचं संमतीपत्र रुग्णांना नीट समजतं का ते बघायला पुतणीने एकदा ते तात्यांना वाचून दाखवलं. संमतीपत्र मुंबईतल्या रुग्णांसाठी होतं, तात्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण कागद म्हटला की तात्या चष्मा लावतात. ‘सहभागी व्यक्तीस कोणतेही कारण न देता केव्हाही माघार घेता येईल’ या कलमाशी ते थांबले. “हे कोणी घातलं?”

“नियमच आहे तसा.”

“आमच्या दाव्यात असतं तर नाना ब्याण्णव सालीच घरी बसला असता.”

मग त्यांनी संशोधनाची सगळी रीत खोदून विचारली. तिने सांगितलं, दोन गट करायचे. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर आपला नवा उपचार द्यायचा. दुसरा तो कंट्रोल ग्रुप, त्याला नेहमीचाच, जास्तीचं काही नाही. शेवटी दोघांत फरक पडला का ते मोजायचं. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.

“म्हणजे दुसऱ्या गटाला कळतही नाही की आपल्याला कमी मिळतंय?”

“तसं नाही हो आजोबा...” तिने बरीच सारवासारव केली. तात्यांना जे कळायचं ते कळलं होतं.

जूनच्या तोंडावर सही जमली. पूर्वीची नाही, जरा म्हातारी, शेवटचा फाटा खाली ओघळलेला, पण सही. वकीलपत्र रवाना झालं. पुतणीने प्रश्नावली काढली. जमतं किती? तात्या म्हणाले, सात. समाधान? तात्यांनी पाखाडीकडे पाहिलं. “निकालावर अवलंबून.”

त्याच संध्याकाळी नाना आमच्या मागच्या दाराने आले. पुढच्या दाराने आले असते तर तात्यांच्या ओटीवरून दिसले असते. खांदा कितीतरी दिवसांपासून वर जात नव्हता. सदरा घालता येत नव्हता, धुतलेला पंचा दोरीवर टाकता येत नव्हता. हळू आवाजात म्हणाले, “पोरीला वेळ असेल तर बघ म्हणावं.”

पुतणीने खांदा पाहिला, कोन मोजले आणि कॅनडाचा प्रश्न विचारला. “नानाआजोबा, तुम्हाला या हाताने काय करायचंय?”

नाना जरा घुटमळले. “तारीख पडली की कोर्टात जायचंय. शपथ घ्यायची तर हात वर जायला नको?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आठळ्या टाकत बसले होते. मागच्या दाराने गेलेलं माणूस रत्नागिरीत पुढच्या दाराने गेल्यापेक्षा आधी दिसतं, त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. पुतणी समोर बसली. तात्या काही बोलेनात. एक आठळी, दुसरी आठळी. शेवटी ट्रे पूर्ण भरल्यावर म्हणाले, “नाना आला होता म्हणे तुझ्याकडे.”

“हो आजोबा. मी कोणाला नाही म्हणू शकत नाही.”

“नाही म्हणू नकोच. पेशंट तो पेशंट.” तात्यांनी ट्रे उपडा केला आणि पुन्हा पहिल्या आठळीला हात घातला. “फक्त त्याला कंट्रोल ग्रुपात टाक.”